एक्झी केल्यावर फाइल सापडत नाही: पायइन्स्टॉलर आणि सोबतच्या फाइलींचा पत्ता

प्रश्न थोडक्यात असा आहे. पायथनमध्ये दुकानाची बिलं करणारा छोटा प्रोग्राम आहे. मुख्य स्क्रिप्ट बिल.पीवाय, शेजारी ॲसेट्स नावाचं फोल्डर, त्यात लोगो, मराठी फाँट, बिलाचा साचा आणि दरांचा एसक्यूलाइट डेटाबेस. पायइन्स्टॉलरला (पायथनचा प्रोग्राम एक्झीत बांधून देणारं साधन) --वनफाइल (सगळं एकाच फाइलीत) आणि --विंडोड (कन्सोलची काळी खिडकी नको) हे पर्याय देऊन एक्झी बनवली. प्रोजेक्टच्या फोल्डरात ठेवून चालवली तर ती चालते. तीच पेनड्राइव्हवरून दुकानातल्या संगणकावर नेली की ‘फेल्ड टू एक्झिक्यूट स्क्रिप्ट’ अशी चौकट येते आणि खाली ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल तर एक्झीच्या आत आहे, मग सापडत का नाही?

(आज्ञा, पर्याय आणि फाइलींची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहितो. टाइप करताना नेहमीचं रोमन स्पेलिंगच वापरायचं आहे.)

पहिली गोष्ट: फाइल एक्झीच्या आत नाहीच. पायइन्स्टॉलर स्क्रिप्ट वाचतो, इम्पोर्ट शोधतो आणि त्या इम्पोर्टमागची मॉड्यूल्स गोळा करतो. तुम्ही ओपनला किंवा फोटोइमेजला दिलेली स्ट्रिंग हे फाइलचं नाव आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. ॲसेट्स फोल्डर न्यायचं आहे हे तुम्ही सांगितलं नाही, म्हणून त्याने नेलं नाही. दुसरी गोष्ट: फाइल आत असती तरी तुमचा कोड तिला तिथे शोधत नाही. या दोन चुका वेगवेगळ्या आहेत आणि दोन्हींचा एरर शब्दशः एकच आहे. एक दुरुस्त केली तरी एरर जात नाही, माणसाला वाटतं उपाय चुकला, तो केलेला बदल उलटा फिरवतो आणि गोल गोल फिरत राहतो. म्हणून दोन्ही एकदमच दुरुस्त करा.

‘प्रोजेक्टच्या फोल्डरात चालते’ यातच खरी मेख आहे. "ॲसेट्स/लोगो.पीएनजी" हा रिलेटिव्ह पाथ आहे, आणि तो करंट डिरेक्टरीपासून मोजला जातो, स्क्रिप्टपासून नाही आणि एक्झीपासूनही नाही. एक्झी प्रोजेक्टमध्ये ठेवून डबल-क्लिक केली तेव्हा विंडोजने करंट डिरेक्टरी तीच ठेवली, शेजारी मूळ ॲसेट्स फोल्डर होतं, आणि प्रोग्रामने बाहेरची फाइल उचलली. आतली नव्हे. करंट डिरेक्टरी प्रोग्राम ठरवत नाही, तो कुणी आणि कसा सुरू केला यावर ती ठरते. शॉर्टकटमध्ये ‘स्टार्ट इन’ या रकान्यात जे असेल ते. टास्क शेड्युलरमधून चालवला आणि तो रकाना मोकळा सोडला तर सिस्टिम३२. मॅकवर फाइंडरमधून ॲप उघडलं तर थेट रूट, म्हणजे नुसता एक स्लॅश. लिनक्सवर सिस्टिमडीची सर्व्हिस असेल तरही रूट, क्रॉन असेल तर त्या युजरचं होम. प्रोग्रामच्या स्वतःच्या फाइली शोधायला करंट डिरेक्टरी कधीच वापरू नये, एक्झी करायची असो वा नसो.

आता दुरुस्ती. कोडमध्ये अगदी वर एक पाया ठरवून घ्या आणि प्रत्येक फाइल त्याच्यापासून मोजा:

फ्रॉम पाथलिब इम्पोर्ट पाथ
पाया = पाथ(__फाइल__).रिझॉल्व्ह().पॅरंट
लोगो = पाया / "ॲसेट्स" / "लोगो.पीएनजी"

आणि पॅकिंग करताना:

पायइन्स्टॉलर --वनडिर --कन्सोल --ॲड-डेटा "ॲसेट्स:ॲसेट्स" बिल.पीवाय

फाइल सापडण्यापुरतं एवढं पुरतं. एक्झीमध्ये __फाइल__ (स्क्रिप्टचा स्वतःचा पाथ) कुठे दाखवतं? पायइन्स्टॉलरने गोळा केलेल्या सामानाच्या फोल्डरमध्ये, जणू स्क्रिप्ट तिथेच ठेवलेली आहे अशा थाटात. ॲसेट्सही त्याच फोल्डरात ॲसेट्स याच नावाने गेलं की एकच ओळ दोन्हीकडे बरोबर उतरते: पायथनने चालवा किंवा एक्झीने. २०२१ मधल्या ४.३ आवृत्तीच्या आधी मुख्य स्क्रिप्टच्या __फाइल__मध्ये नुसतं फाइलचं नाव यायचं, पूर्ण पाथ नाही. म्हणून जुन्या उत्तरांमध्ये ‘एक्झीत __फाइल__ वापरू नका’ असा सल्ला दिसतो. तो त्या काळापुरता बरोबर होता. आज लागू नाही.

त्या जुन्या उत्तरांमधून सगळीकडे पसरलेलं एक फंक्शन आहे, बहुतेकांच्या कोडमध्ये ते सापडतं. सिस._मेइपास आहे का बघायचं. असेल तर तो पाया, नसेल तर ओएस.पाथ.ॲब्सपाथ("."). पहिला अर्धा भाग ठीक आहे: _मेइपास म्हणजे सामान उलगडलेल्या फोल्डरचा पूर्ण पाथ, आणि तो पायइन्स्टॉलर स्वतः भरतो. गडबड दुसऱ्या अर्ध्यात आहे. तिथला टिंब म्हणजे पुन्हा करंट डिरेक्टरी. म्हणजे एक्झी नीट चालेल, पण स्क्रिप्ट दुसऱ्या फोल्डरातून चालवली की पडेल. _मेइपास वापरायचाच असेल तर गेटॲट्र(सिस, "_मेइपास", पाया) असं लिहा आणि पाया वरच्यासारखा __फाइल__वरून काढा. माझं मत विचाराल तर साध्या प्रोग्रामला त्याचीही गरज नाही. ‘एक्झी आहे की नाही’ असा प्रश्न कोडमध्ये जितक्या कमी ठिकाणी विचारला जाईल तितकं बरं, कारण त्या प्रश्नाची एक फांदी तुम्ही रोज तपासता आणि दुसरी महिन्यातून एकदा.

--ॲड-डेटाच्या अर्थावर जरा थांबायला हवं, कारण इथे हमखास चुका होतात. डावीकडे तुमच्या डिस्कवरची फाइल किंवा फोल्डर, उजवीकडे बंडलमधलं, म्हणजे गोळा केलेल्या सामानातलं, फोल्डर. उजवीकडे नेहमी फोल्डरच येतं, फाइलचं नाव कधीच नाही. "लोगो.पीएनजी:लोगो.पीएनजी" असं दिलंत तर लोगो.पीएनजी नावाचं फोल्डर तयार होतं आणि त्यात लोगो.पीएनजी जाऊन बसते. मग कोड फोल्डरच चित्र समजून उघडायला जातो आणि विंडोजवर ‘परमिशन डिनाइड’ येतं. हा एरर बघून लोक ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून बघतात, अँटिव्हायरस बंद करतात. परवानगीचा इथे काही संबंध नसतो. फाइल सर्वांत वरच्या पातळीवर हवी असेल तर उजवीकडे नुसता टिंब द्या: "लोगो.पीएनजी:.". उलट "ॲसेट्स:." दिलंत तर ॲसेट्सच्या आतलं सगळं वर सांडतं आणि ॲसेट्स हे फोल्डर उरतच नाही.

मधलं चिन्हही तपासा. जुन्या आवृत्त्यांत विंडोजवर अर्धविराम आणि लिनक्स-मॅकवर कोलन लागायचा. ६.० पासून सगळीकडे कोलन चालतो. एखाद्या जुन्या लेखातली आज्ञा लिनक्सवर तशीच डकवली आणि अवतरणचिन्हं द्यायची राहून गेली, तर शेल अर्धविरामापाशी आज्ञा तोडतो आणि पुढचा भाग वेगळी आज्ञा म्हणून चालवायला जातो. अवतरणचिन्हं नेहमी द्या.

मुख्य स्क्रिप्ट सबफोल्डरात असेल तर आणखी एक सापळा आहे. समजा स्क्रिप्ट एसआरसी/बिल.पीवाय आहे आणि शेजारी एसआरसी/ॲसेट्स. बंडलमध्ये मुख्य स्क्रिप्ट नेहमी सर्वांत वरच्या पातळीवर असते, एसआरसी हा स्तर गळून पडतो. म्हणून "एसआरसी/ॲसेट्स:ॲसेट्स" असं द्यायचं. उजवीकडेही एसआरसी लावलंत की पत्ता चुकला. इम्पोर्ट केलेल्या पॅकेजचं तसं नसतं. दुकान/खिडकी/मुख्य.पीवाय हे मॉड्यूल बंडलमध्येही दुकान/खिडकी या पत्त्यावरच आहे असं दाखवतं.

‘दाखवतं’ हा शब्द मुद्दाम वापरला. पायथनची मॉड्यूल्स एका अर्काइव्हमध्ये बंद असतात, डिस्कवर त्या पत्त्यावर फाइल नसते, कदाचित फोल्डरही नसतं. एरवी याने काही बिघडत नाही, पण कुणी पाथमध्ये दोन टिंबं वापरली असतील तर बिघडतं. ओएस.पाथ.जॉइन(डिरनेम(__फाइल__), "..", "ॲसेट्स") हा पाथ विंडोज कागदावर सोडवतो: एक पायरी मागे, मग ॲसेट्स. लिनक्स आणि मॅक मात्र खरोखर त्या फोल्डरात शिरून मागे यायला जातात. फोल्डर नाही, म्हणून ‘नो सच फाइल’. विंडोजवर चालणारी बांधणी लिनक्सवर पडते ती पुष्कळदा यामुळे. दोन टिंबांऐवजी .पॅरंट.पॅरंट लिहा, म्हणजे हिशेब पायथनमध्येच होतो. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे लहान-मोठी अक्षरं. विंडोजला कॅपिटल एलचा लोगो आणि स्मॉल एलचा लोगो एकच, लिनक्सला दोन वेगळ्या फाइली.

प्रोग्राम मोठा असेल आणि रीतसर पॅकेज म्हणून बांधला असेल, तर __फाइल__पेक्षा इम्पोर्टलिब.रिसोर्सेस चांगलं. त्यातलं फाइल्स हे फंक्शन पायथन ३.९ पासून आहे: फाइल्स("दुकान") / "ॲसेट्स" / "साचा.टीएक्सटी", आणि पुढे .रीड_टेक्स्ट(एन्कोडिंग="यूटीएफ-८"). एखाद्या लायब्ररीला डिस्कवरचा खराखुरा पाथच हवा असेल तर ॲज_फाइल वापरा. पॅकिंगला --कलेक्ट-डेटा दुकान एवढंच पुरतं, डावं-उजवं जुळवत बसावं लागत नाही. अट एकच: बांधणीच्या वेळी ते पॅकेज इम्पोर्ट होण्याजोगं हवं. पिप इन्स्टॉल -ई ने बसवून घ्या आणि फोल्डरात __इनिट__.पीवाय ठेवा, नाहीतर ‘ॲज इट इज नॉट अ पॅकेज’ असा इशारा शेकडो ओळींच्या लॉगमध्ये येऊन जातो, बांधणी यशस्वी म्हणून संपते आणि फाइली गेलेल्याच नसतात. पीकेजी_रिसोर्सेस या याच कामाच्या जुन्या मॉड्यूलवर उभा असलेला कोड असेल तर हीच वेळ आहे तो बदलण्याची.

दुसऱ्याच्या लायब्ररीच्या फाइलींनाही --कलेक्ट-डेटा लागतो. भारतीय वेळ दाखवणाऱ्या प्रोग्रामचं ठरलेलं दुखणं घ्या: झोनइन्फो("एशिया/कोलकाता") विंडोजवर टीझेडडेटा या पॅकेजमधल्या फाइली वाचतं, कारण विंडोजकडे तो डेटाबेस त्या स्वरूपात नसतो. एक्झीमध्ये ‘नो टाइम झोन फाउंड’ आलं तर --कलेक्ट-डेटा टीझेडडेटा. अशा पुष्कळ लायब्रऱ्यांसाठी पायइन्स्टॉलर-हुक्स-कॉन्ट्रिब या पॅकेजमध्ये तयार नियम आहेत, म्हणून आधी ते अपडेट करून बघा. ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ आलं तर ती वेगळी तक्रार: तिथे डेटा नाही, कोड राहिला आहे, त्याला --हिडन-इम्पोर्ट. आणि ‘पॅकेज नॉट फाउंड’ आलं तर लायब्ररी स्वतःची आवृत्ती मेटाडेटातून वाचते आहे, त्याला --कॉपी-मेटाडेटा.

वरच्या आज्ञेत --वनफाइलऐवजी --वनडिर लिहिलं, तेही मुद्दाम. वनडिरमध्ये एका फाइलीऐवजी फोल्डर बनतं आणि सगळं सामान डोळ्यांसमोर असतं. डिस्ट/बिल उघडा, आत _इंटर्नल नावाचं फोल्डर दिसेल, त्यात ॲसेट्स आहे की नाही बघा. पहिली चूक आहे की दुसरी, याचा निकाल दहा सेकंदांत लागतो. वनडिर नीट चाललं की मगच वनफाइल करा. वनफाइलमध्ये डोकवायचं असेल तर पायइन्स्टॉलरसोबतच पीवायआय-अर्काइव्ह_व्ह्यूअर नावाचं साधन येतं. त्याला एक्झीचं नाव दिलं की आतली यादी छापून मिळते.

हे _इंटर्नल प्रकरण सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या ६.० आवृत्तीपासूनचं. त्याआधी वनडिरमध्ये सगळं सामान एक्झीच्या शेजारीच पसरलेलं असायचं, म्हणून लोक पाथ(सिस.एक्झिक्युटेबल).पॅरंट / "ॲसेट्स" असं लिहायचे आणि ते चालायचं. पायइन्स्टॉलर अपडेट केला आणि वर्षानुवर्षं चालणारा प्रोग्राम अचानक पडला, असं ज्यांचं झालं त्यांचं कारण बहुधा हेच. --कन्टेन्ट्स-डिरेक्टरी "." देऊन जुनी मांडणी परत आणता येते, पण त्याने चुकीचा पत्ता चुकीचाच राहतो. कोड बदला. मॅकच्या ॲप बंडलमध्ये तर डेटा कन्टेन्ट्स/रिसोर्सेसमध्ये जातो आणि कन्टेन्ट्स/फ्रेमवर्क्समधून त्याला सिमलिंक असते. एक्झिक्युटेबल बसतो कन्टेन्ट्स/मॅकओएसमध्ये. __फाइल__वरून मोजलं तर यातलं काहीही तुम्हाला माहीत असण्याची गरज पडत नाही.

वनफाइल चालते कशी हेही समजून घ्या, कारण पुढचं मोठं नुकसान तिथून होतं. एक्झी सुरू झाली की आधी बूटलोडर, म्हणजे पायइन्स्टॉलरने एक्झीत घातलेला सुरुवातीचा छोटा प्रोग्राम, जागा होतो. तो टेम्प फोल्डरमध्ये _एमईआय आणि पुढे आकडे अशा नावाचं नवं फोल्डर करतो, सगळं सामान तिथे उलगडतो आणि मग तुमचा प्रोग्राम त्याची चाइल्ड प्रोसेस म्हणून सुरू करतो. टास्क मॅनेजरमध्ये एकाच एक्झीच्या दोन ओळी दिसतात त्या यामुळे. प्रोग्राम बंद झाला की तो फोल्डर पुसला जातो. पुढच्या वेळी नवा फोल्डर, नवं उलगडणं. उघडायला वेळ लागतो तोही त्यामुळेच.

आता तुमचा दरांचा डेटाबेस आठवा. तो ॲसेट्समध्ये आहे आणि दुकानदार त्यात दर बदलणार. वनफाइलमध्ये तो बदल _एमईआय फोल्डरातल्या प्रतीत होतो. सेव्ह झालं असं दिसतं, स्क्रीनवर नवा दर येतो, दिवसभर बिलं निघतात. रात्री प्रोग्राम बंद केला की प्रत पुसली जाते आणि सकाळी जुना दर. एकही एरर नाही. या सगळ्या विषयातली ही सर्वांत वाईट चूक आहे, कारण फाइल न सापडणं निदान लगेच कळतं. वनडिर करून प्रोग्राम फाइल्समध्ये बसवलात तर डेटा पुसला जात नाही, पण साध्या युजरला तिथे लिहिण्याची परवानगी नसते आणि ‘अटेम्प्ट टू राइट अ रीडओन्ली डेटाबेस’ येतं.

म्हणून फाइलींचे पहिल्या दिवसापासून दोन ढीग करा. लोगो, फाँट, साचा हे प्रोग्रामचं सामान: फक्त वाचायचं, बंडलमध्ये ठेवायचं, पाया वरून शोधायचं. डेटाबेस, सेटिंग, लॉग, निघालेली बिलं ही वापरणाऱ्याची मालमत्ता, तिची जागा बंडलबाहेर. विंडोजवर लोकलॲपडेटा या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये मिळणाऱ्या फोल्डरात, मॅकवर होममधल्या लायब्ररी/ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये, लिनक्सवर .लोकल/शेअरमध्ये. तिन्ही हाताने जुळवण्यापेक्षा प्लॅटफॉर्मडिर्स या छोट्या लायब्ररीतलं युजर_डेटा_डिर वापरा. डेटाबेसची कोरी प्रत बंडलमध्ये राहू द्या; प्रोग्राम सुरू होताना युजरच्या फोल्डरात डेटाबेस नसेल तरच शटिल.कॉपी२ने ती तिथे उतरवा. याचा एक परिणाम लक्षात असू द्या: पुढच्या आवृत्तीत तुम्ही नवा टेबल किंवा नवा रकाना घातलात तर जुन्या युजरकडे तो पोचणार नाही, कारण त्याच्याकडे फाइल आधीच आहे. त्यासाठी प्राग्मा युजर_व्हर्शनमध्ये आकडा ठेवा आणि सुरुवातीला तो तपासून लागतील तेवढे ऑल्टर टेबल चालवा.

एसक्यूलाइटची आणखी एक सवय इथे घात करते. कनेक्टला दिलेल्या पाथवर फाइल नसेल तर ते तक्रार करत नाही, रिकामा डेटाबेस उघडतं. एरर येतो तो पुढच्या क्वेरीला: ‘नो सच टेबल’. माणूस एसक्यूएल तपासत बसतो आणि करंट डिरेक्टरीत शून्य बाइटची फाइल पडलेली असते. फक्त वाचायचा डेटाबेस असेल तर यूआरआय पद्धतीने, मोड=आरओ देऊन आणि यूआरआय=ट्रू ठेवून उघडा. मग फाइल नसल्यास जागच्या जागी ‘अनेबल टू ओपन’ येतं.

डेटा एक्झीच्या शेजारीच हवा, म्हणजे पेनड्राइव्हवर प्रोग्राम आणि डेटा एकत्र फिरायला हवेत, अशीही मागणी असते. तेवढ्यापुरतं सिस.एक्झिक्युटेबल बरोबर आहे, पण सिस.फ्रोझन (एक्झीतून चालतंय का हे सांगणारी खूण) तपासूनच; नाहीतर स्क्रिप्ट चालवताना तो पायथनच्या इंटरप्रिटरचा पत्ता देतो आणि तुमचा डेटाबेस पायथनच्या इन्स्टॉल फोल्डरात जाऊन बसतो. सिस.आर्गव्ह[०] मात्र वापरू नका. आज्ञा जशी टाइप केली तसा तो मिळतो, कधी पूर्ण, कधी अर्धा. मॅकवर हा बेत सोडूनच द्या: इंटरनेटवरून उतरवलेलं ॲप मॅकओएस एखाद्या यादृच्छिक, फक्त-वाचनीय जागेवरून चालवू शकतं.

बिलाचा नमुना किंवा मदतीची पीडीएफ बंडलमधून थेट ओएस.स्टार्टफाइलने उघडू नका. पीडीएफ बाहेरच्या प्रोग्रामात उघडलेली असताना तुमचा प्रोग्राम बंद झाला तर एकतर फाइल पायाखालून जाते किंवा ती अडकलेली असल्यामुळे _एमईआय फोल्डर मागे उरतो. आधी युजरच्या फोल्डरात प्रत करा, मग ती उघडा. टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम मारला तरही असे फोल्डर साचतात. ते साफ करायला ‘_एमईआयने सुरू होणारं सगळं पुसा’ असा कोड काही जण घालतात. घालू नका. त्या संगणकावर पायइन्स्टॉलरने बनवलेला दुसरा एखादा प्रोग्राम चालू असेल तर त्याचं सामान तुम्ही पुसाल.

लिनक्सवर दोन गोष्टी वेगळ्या. सर्व्हरवर टीएमपी हे नोएक्झेक म्हणून (तिथून काही चालवायला मनाई अशा रीतीने) माउंट केलेलं असेल तर वनफाइल ‘फेल्ड टू मॅप सेगमेंट’ म्हणून पडते. --रनटाइम-टेम्पडिर देऊन दुसरी जागा सांगा, किंवा वनडिर वापरा. आणि बंडलमधून बाहेरची आज्ञा चालवताना एलडी_लायब्ररी_पाथ बंडलकडे वळवलेला असतो, म्हणून ती आज्ञा चुकीची लायब्ररी उचलू शकते. सबप्रोसेसला एन्व्हायर्नमेंट देताना एलडी_लायब्ररी_पाथ_ओरिग असेल तर त्यातली मूळ किंमत परत ठेवा, नसेल तर तो व्हेरिएबल काढून टाका.

मराठी फाँटचं स्वतंत्र सांगतो. टीटीएफ फाइल बंडलमध्ये गेली, पाथ बरोबर, तरी दुकानातल्या संगणकावर ‘किंमत’मधली पहिली वेलांटी कच्या उजवीकडे उमटते आणि जोडाक्षरं हलन्त होऊन सुटी पडतात, असं होऊ शकतं. पिलो या चित्रांच्या लायब्ररीने चित्रावर मजकूर काढत असाल तर देवनागरीची जुळणी रॅकम नावाच्या लेआउट इंजिनाकडे असते. पिलोच्या विंडोज व्हीलमध्ये (पिपने बसणाऱ्या तयार पॅकेजमध्ये) रॅकम येतं, पण ते फ्रिबिडी.डीएलएल ही फाइल प्रोग्राम चालू असताना शोधतं, आणि ती व्हीलमध्ये नसते. तुमच्या संगणकावर ती दुसऱ्या कशासोबत आलेली असते, दुकानात नसते, आणि पिलो मुकाट्याने साध्या लेआउटवर उतरतं. प्रोग्राममध्येच फीचर्स.चेक("रॅकम") छापून बघा. फॉल्स आलं तर हेच कारण. --ॲड-बायनरी "फ्रिबिडी.डीएलएल:." देऊन ती सोबत न्या. पायइन्स्टॉलरचा बूटलोडर डीएलएल शोधण्याच्या वाटेत बंडलचं फोल्डर घालतो, म्हणून वरच्या पातळीवर ठेवलेली डीएलएल सापडते.

साच्याची टेक्स्ट फाइल उघडताना एन्कोडिंग="यूटीएफ-८" लिहायला विसरू नका. विंडोजवर ओपनचं डीफॉल्ट एन्कोडिंग त्या संगणकाच्या कोडपेजवरून ठरतं. तुमच्याकडे पायथनयूटीएफ८ सेट असेल तर चालेल आणि दुकानात ‘युनिकोड डिकोड एरर’ येईल किंवा अक्षरांची खिचडी दिसेल. दिसायला हाही ‘एक्झी झाल्यावर बिघडलं’ असाच प्रकार असतो, पण पत्त्याशी त्याचा संबंध नाही.

--आयकॉन हा पर्याय फक्त एक्झी फाइलचं एक्सप्लोररमधलं चित्र बदलतो. खिडकी टीकेइंटर या लायब्ररीने काढली असेल तर तिच्या डाव्या कोपऱ्यातलं पिसाचं चित्र तसंच राहतं. ते बदलायला आयको फाइल --ॲड-डेटाने न्यायची आणि आयकॉनबिटमॅपला पाया वरून काढलेला पाथ द्यायचा.

पहिल्या बांधणीनंतर बिल.स्पेक ही फाइल तयार होते. पर्याय दोनचारच्या पुढे गेले की तीच हाताने सांभाळा: ॲनालिसिसमधल्या डेटाज या यादीत ("ॲसेट्स", "ॲसेट्स") अशा जोड्या. तिथले रिलेटिव्ह पाथ स्पेक फाइल जिथे आहे तिथून मोजले जातात. त्यानंतर आज्ञा पायइन्स्टॉलर बिल.स्पेक अशीच द्या. सवयीने बिल.पीवाय दिलंत तर स्पेक नव्याने लिहिली जाते आणि तुमच्या सगळ्या जोड्या जातात. स्पेक गिटमध्ये टाका; .गिटइग्नोरच्या काही तयार साच्यांत *.स्पेक असतं, ती ओळ काढा. पासवर्ड किंवा एपीआय की मात्र बंडलमध्ये ठेवू नका. वनफाइल उलगडली की सगळं टेम्पमध्ये उघडं पडतं, आणि बाइटकोड एन्क्रिप्ट करणारा --की हा पर्यायही ६.० मध्ये काढून टाकला आहे.

पायइन्स्टॉलरऐवजी नुइट्का हे साधन वापरत असाल तर _मेइपास नसतो, पण __फाइल__ची पद्धत जशीच्या तशी चालते; फाइली न्यायला --इन्क्लूड-डेटा-डिर=ॲसेट्स=ॲसेट्स. सीएक्स_फ्रीझ या आणखी एका तशाच साधनात इन्क्लूड_फाइल्सने नेलेल्या फाइली सिस.प्रीफिक्सपासून शोधाव्या लागतात, म्हणून तिथे सिस.फ्रोझनची फांदी ठेवावीच लागते.

शेवटी तपासणी. तात्पुरता --विंडोड काढून कन्सोल ठेवा आणि प्रोग्रामच्या सुरुवातीला चार ओळी छापा: ओएस.गेटसीडब्ल्यूडी(), सिस.एक्झिक्युटेबल, पाया, आणि पाया.आरग्लॉब("*") मधली यादी. वनफाइलमध्ये साधारण असं दिसलं पाहिजे:

करंट: सी:\
एक्झी: डी:\नवीन फोल्डर\बिल.एक्झी
पाया: सी:\युजर्स\दुकान\ॲपडेटा\लोकल\टेम्प\_एमईआय१२३४५२

तीन ओळी, तीन वेगळे पत्ते. यादीत ॲसेट्स नसेल तर --ॲड-डेटा चुकलं. असेल आणि तरी फाइल सापडत नसेल तर कोडमध्ये कुठेतरी पाया न लावलेली स्ट्रिंग उरली आहे. ती शोधायला प्रोजेक्टमध्ये "ॲसेट्स/ असा सर्च द्या. कन्सोल काढल्यावर सिस.एसटीडीआउट नन होतं. प्रिंट गप्प राहतं, पण सिस.एसटीडीआउट.राइट थेट पडतं, म्हणून शेवटच्या बांधणीआधी हे लॉग फाइलकडे वळवा.

चाचणी प्रोजेक्टच्या फोल्डरात घेऊ नका, तिथे ती खोटीच पास होणार. एक्झी दुसऱ्या ड्राइव्हवर न्या, फोल्डरच्या नावात स्पेस आणि देवनागरी अक्षरं दोन्ही ठेवा, कमांड प्रॉम्प्टमध्ये सीडी \ करून पूर्ण पाथ अवतरणचिन्हांत देऊन चालवा. दर बदला, प्रोग्राम बंद करा, पुन्हा उघडून नवा दर टिकला आहे का बघा. विंडोज प्रो असेल तर विंडोज सँडबॉक्स सुरू करून त्यात एक्झी टाका: तिथे पायथन नाही, तुमचं फोल्डर नाही, फ्रिबिडीही नाही, म्हणजे दुकानातल्या संगणकाच्या बऱ्यापैकी जवळ. होम आवृत्तीत सँडबॉक्स मिळत नाही. मग संगणकावर नवा साधा युजर उघडून त्याच्या लॉगिनमध्ये चालवा, आणि प्रोजेक्टच्या फोल्डरचं नाव तेवढ्यापुरतं बदलून ठेवा.